गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचंय? पहिल्या बैठकीपासून घरोघरी प्रत पोचेपर्यंत

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावची सून. आम्ही काही जणांनी मिळून गावाचं इतिहास मंडळ काढलं आणि चार वर्षांनी गावाचं पुस्तक छापून झालं. तेव्हापासून आसपासच्या गावांतून फोन येतात. मोडी कुणाकडून वाचून घेतलंत, नोंदणी कुठे केलीत, छापखान्याला नेमकं काय सांगायचं? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

दोन नियम पहिल्या बैठकीतच वहीत लिहा. पुस्तकातल्या प्रत्येक विधानापुढे "हे कुणी सांगितलं, कुठल्या कागदात आहे?" याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. आणि गावातल्या प्रत्येक आळीला, प्रत्येक वस्तीला त्या पुस्तकात स्वतःचं काहीतरी सापडलं पाहिजे. आमच्याकडून जे चुकलं, ते यांपैकी एक नियम सुटल्यामुळेच चुकलं.

१. माणसं जमवा, मग संस्था

सुरुवातीला सहा-सात जण पुरतात, पण ते एकाच भावकीतले नकोत. जमिनीचे कागद कळणारं कुणी (निवृत्त तलाठी मिळाले तर फारच उत्तम), एखादे शिक्षक, फोन आणि संगणक सराईतपणे वापरणारी दोन मुलं आणि प्रत्येक वस्तीतलं निदान एक माणूस घ्या. बायका निम्म्या हव्यात. आमच्या पहिल्या बैठकीला मी एकटीच बाई होते, आणि तेव्हा झालेल्या विषयांच्या यादीत विहिरी, जात्यावरच्या ओव्या, सुईणी, माहेरची गावं यातलं काहीच नव्हतं.

मुंबईकर मंडळींना पहिल्या दिवसापासून सामील करून घ्या. सातारा आणि कोकणातल्या बऱ्याच गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत, गावकीच्या खोल्या होत्या. त्या खोल्यांच्या हिशेबवह्या, वर्गणीच्या पावत्या आणि मंडळाचे फोटो हा गावाच्या इतिहासाचाच अर्धा भाग आहे.

नोंदणी करायची तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान ७ सदस्य लागतात. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयातून होतं आणि त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी करावी लागते. घटना व नियमावली, सदस्यांची यादी, ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचं संमतीपत्र एवढं तयार ठेवा. एकाच पुस्तकासाठी एवढा खटाटोप नको असेल, तर गावातल्या नोंदणीकृत वाचनालयाच्या नावाने पुस्तक काढा. बँकेचं खातं मात्र कुणाच्या वैयक्तिक नावावर ठेवू नका. पैशाबद्दल एकदा कुजबुज सुरू झाली की माणसं कागद द्यायचीही थांबतात.

२. जुन्या कागदात तुमचं गाव कुठे आहे, ते आधी ठरवा

दफ्तरात जाऊन नुसतं गावाचं नाव सांगितलं तर हाती काही लागत नाही. एकाच नावाची गावं पुष्कळ, त्यात खुर्द आणि बुद्रुक वेगळी. जुने कागद परगणा, प्रांत, संमत, कर्यात या जुन्या महसुली विभागांच्या हिशेबाने लावलेले असतात. "मौजे अमुक, संमत निंब, प्रांत वाई" असा पूर्ण पत्ता हवा. तो देवस्थानाच्या सनदेत, एखाद्या वतनपत्रात किंवा घरातल्या जुन्या खरेदीखतात सापडतो.

त्यानंतर गाव कुणाच्या अमलात होतं ते काढा. सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केलं. औंध, फलटण, जत, भोर या संस्थानांतली गावं १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत वेगळ्याच कारभारात होती. औंध संस्थानात तर १९३९ पासून गावपंचायतींच्या हाती कारभार होता, म्हणून तिथल्या गावांनी पंचायतीचे कागद स्वातंत्र्याआधीच्या काळातही शोधावेत. मराठवाड्यातल्या गावांचे १९४८ पर्यंतचे कागद निजामाच्या कारभारातले, त्यामुळे फारसी किंवा उर्दू वाचणारा माणूस लागेल.

जिल्हेही बदलले आहेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, म्हणून तिथल्या अनेक गावांची माहिती १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये आहे. सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी पाहावं, जालनावाल्यांनी औरंगाबाद.

३. कागद गोळा करा

आम्हाला उपयोगी पडलेले कागद, ज्या क्रमाने शोधावेत त्या क्रमाने:

- प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. गावात कोणकोणते व्यवसाय होते, मुली शाळेत कधी यायला लागल्या, कुठून माणसं येऊन स्थायिक झाली, हे सगळं यात दिसतं.
- ग्रामपंचायतीची इतिवृत्तं. वीज, नळ, रस्ता, एसटी यांच्या तारखा लोक छातीठोकपणे सांगतात आणि हमखास चुकतात. इथे त्या ठराव क्रमांकासह मिळतात.
- तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातले जुने सात-बारा, फेरफार, पाहणीपत्रकं, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद. बरंचसं आता महसूल खात्याने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलं आहे, आधी तिथे पाहा आणि मगच खेटे घाला.
- भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आणि जुने सर्व्हे नंबर. गटवारीत नंबर बदलले, पण शेतांची नावं लोकांच्या तोंडी तीच राहिली. नकाशाची मोठी प्रत चावडीवर अंथरा आणि म्हाताऱ्यांना बोलवा. एका दुपारीत जेवढी नावं मिळतात तेवढी महिनाभर दारोदार फिरून मिळत नाहीत.
- जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. १९५१ पासूनचे गावनिहाय आकडे मिळतात. १९६१ मध्ये तर निवडक गावांवर स्वतंत्र अहवाल छापले गेले, आपलं किंवा शेजारचं गाव त्यात आहे का पाहा.
- पुण्याचं पेशवे दफ्तर. कोल्हापूर भागासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज न्या. कागद रुमालात बांधलेले असतात आणि प्रती अर्ज करून, शुल्क भरून मिळतात. १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करा.
- तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथे आपल्या गावचे कोण कधी आले, याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी असतात. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी घराण्यांची वंशावळ सांगत येतात. ते पुढच्या वेळी आले की त्यांच्यासोबत अख्खा दिवस बसा.

घरातले कागद मागताना घाई करू नका. "आमचा कागद गेला तर जमीन जाईल" ही भीती खरी असते, तिचा मान ठेवा. कागद त्यांच्या ओसरीवरच बसून स्कॅन करा, मूळ कागद घरी नेऊच नका. आणि कुणी जुना कागद जपण्यासाठी लॅमिनेट करायला निघालं असेल किंवा फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावत असेल, तर हात धरून थांबवा. कागदाचं त्याने कायमचं नुकसान होतं.

मोडीसाठी पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग होतात. मंडळातल्या एकाला तरी पाठवा. तोवर जाणकाराकडून वाचून घ्या, पण ओळीनिहाय देवनागरी लिप्यंतर मागा, नुसता सारांश घेऊ नका. आमच्या एका निवाड्याच्या सारांशात "विहीर गावची" असं आलं होतं. पूर्ण लिप्यंतर हाती आल्यावर कळलं, की ती विहीर दोन घराण्यांत निम्मीनिम्मी वाटून दिली होती.

४. तारखा बदलून घेताना

कागदातल्या सनावरून इसवी सन काढायला, शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीला ७९. फसली सनात ५९० मिळवायचे. सुहूर सन अरबी आकड्यांच्या नावांनी लिहितात. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे ७, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. ही वर्षं मृगापासून सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मृग या काळातला कागद असेल तर सुहूरमध्ये ६०० आणि फसलीत ५९१ मिळवावे. "छ १२" असं दिसलं तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची बारावी तारीख.

पुस्तकात मूळ कालगणना आधी आणि इसवी सन तिच्यापुढे छापा. कुणाला पडताळायचं झालं तर सोपं जातं.

५. म्हाताऱ्या माणसांशी बोलणं: हे सगळ्यात आधी करा

क्रमांक पाचवा दिला असला तरी कामाला लागायचं ते इथूनच. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील. आमच्या यादीत नव्वदी पार केलेल्या चार आजी होत्या. आम्ही दफ्तरात रमलो आणि त्या आठ महिन्यांत त्यांतल्या दोघी गेल्या. एकीला मानमोडीच्या (१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या) साथीतलं तिच्या आईचं सांगणं पाठ होतं, असं नंतर तिच्या नातवाने सांगितलं. ते आता कुणाकडेच नाही.

साधनं थोडीच लागतात: चांगला फोन, कॉलरला लावायचा छोटा माइक, वही. पंखा बंद करा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच नाव, वय, ठिकाण, तारीख बोलून घ्या आणि "हे पुस्तकात छापलं तर चालेल ना?" हेही रेकॉर्डवर विचारा. त्याच रात्री फाइल दोन वेगळ्या जागी ठेवा.

"तुमचा जन्म कधीचा, लग्न कधी झालं?" असं साल विचारलं तर उत्तर मिळत नाही किंवा आधार कार्डावरचं मिळतं, आणि जन्मतारखेपुरतं ते बहुतेकदा अंदाजे टाकलेलं असतं. मोठ्या घटनांचा खुंटा वापरा. १९४२ ची चळवळ आणि पत्री सरकार, गांधीहत्येनंतरचे १९४८ चे दिवस, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. "भूकंपाच्या वेळी थोरला पोटात होता की मांडीवर?" या एका प्रश्नाने आम्हाला तीन घरांतली सालं जुळवता आली. दुष्काळाचं विचारलं की खडी फोडणं, सुकडी, मिलो हे शब्द आपोआप येतात आणि मग माणूस थांबत नाही.

बायकांशी बोलायला बाईनेच जावं आणि घरातल्या पुरुषांच्या समोर नको. त्या दुसऱ्या गावाहून आलेल्या असतात, त्यामुळे त्यांना आपलं गाव बाहेरून पाहता आलेलं असतं. इथलं पाणी कुठून आणायचे, कुणाच्या विहिरीवर कुणाला उभं राहू देत नव्हते, जात्यावर कुणाची ओवी म्हणायचे, हे मला पुरुषांपैकी एकानेही सांगितलं नाही.

एकच गोष्ट तिघांनी तीन तऱ्हेने सांगितली तर एक निवडून बाकीच्या दोन टाकू नका. तिन्ही छापा, सांगणाऱ्याच्या नावासह.

६. वीरगळ, सतीशिळा, शिलालेख

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आणि सतीशिळा म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचा दगड. अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, तेल, रंग काहीही लावू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर विजेरी अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून सात-आठ फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. दगड आहे तिथेच राहू द्या. देवळाच्या जीर्णोद्धारात वीरगळ पायात गाडले जातात किंवा ऑइलपेंटने रंगवले जातात, तेवढं मात्र पुजाऱ्यांशी आणि विश्वस्तांशी बोलून थांबवा.

७. जुने फोटो

फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करा. छोटा फोटो ६०० डीपीआयने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत छपाईला चालत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पान तसंच स्कॅन करा. फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमाने त्याच दिवशी लिहून घ्या. लग्नाच्या फोटोत "आणि इतर" लिहायचा मोह होतो, पण ते इतर म्हणजे नेहमी वाजंत्री, पाणक्या आणि बायका असतात. त्यांची नावं विचारा.

स्टुडिओत किंवा वर्तमानपत्रासाठी काढलेला फोटो असेल तर परवानगी लेखी घ्या. आपल्याकडे प्रकाशित फोटोवरचा हक्क ६० वर्षं टिकतो.

८. लिहिताना: काय छापायचं, काय नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

यात्रेत पहिला मान कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, सासनकाठी कुणाच्या दारातून निघते, हे लिहिताना अतिशय जपा. छापील पुस्तक उद्या वादात पुरावा म्हणून पुढे केलं जाऊ शकतं. आम्ही "सध्या अशी प्रथा आहे" एवढंच लिहिलं आणि जुना कागद होता तिथे कागदाचं लिप्यंतर जसंच्या तसं दिलं. वहिवाट, बांध, इनाम यांवर चालू असलेल्या दाव्यांबद्दल एक ओळही नको.

शाळेच्या रजिस्टरातली जात, जन्मतारीख, गुण कुणाच्या नावासकट छापू नका. त्यातून एकूण चित्र मांडा.

जुन्या कागदात वस्त्यांची जातिवाचक नावं येतात. लिप्यंतरात मूळ शब्द तसेच ठेवावे लागतात, पण आपल्या लिखाणात त्या वस्तीतले लोक आज वस्तीला जे नाव देतात तेच वापरा. अशी नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्येच घेतला आहे.

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये आमच्या भागात घरं जाळली गेली. मंडळात दोन महिने यावर चर्चा झाली. शेवटी आम्ही जळलेली घरं, ती माणसं कुठे गेली, त्यांना कुणी रात्री आसरा दिला, एवढं लिहिलं. करणाऱ्यांची नावं लिहिली नाहीत, कारण सांगणारे सगळे तेव्हा लहान होते आणि ऐकीव नावावर आज कुणाच्या नातवाने मान खाली घालावी, हे आम्हाला पटलं नाही. प्रकरण गाळलं मात्र नाही. ज्यांचं घर जळलं त्यांची नात पुण्याहून आली आणि तिने त्या घराच्या जोत्याचा फोटो दिला.

वाडे, पाटीलकी, सनदा यांवर शंभर पानं आणि बलुतेदार, धनगरवाडा, गावकुसाबाहेरची वस्ती यांवर चार, असं आपोआप होतं, कारण कागद पहिल्यांचेच जास्त उरलेले असतात. म्हणून प्रकरणांची पानं आधीच ठरवून घ्या. ज्यांचे कागद नाहीत तिथे मुलाखती वाढवा.

९. पैसे आणि छपाई

तीन छापखान्यांकडून दरपत्रक घ्या, पण तिघांना अगदी एकच वर्णन द्या, नाहीतर तुलना होत नाही. आमचं असं होतं: डेमी एक-अष्टमांश आकार, ७० जीएसएम कागद, आत १६ पानं फोटोंसाठी आर्ट पेपर, ३०० जीएसएम मुखपृष्ठ, शिलाई बांधणी, ५०० प्रती. नुसती गोंदाची बांधणी स्वस्त पडते, पण हे पुस्तक घरात दहा हातांतून जाणार, पानं सुटतात. पानांची संख्या १६ च्या पटीत बसवा, कारण छपाई १६-१६ पानांच्या फॉर्मवर चालते. ३०० पेक्षा कमी प्रती हव्या असतील तर ऑफसेटऐवजी डिजिटल छपाईचा दरही विचारा.

अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्या. आमचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. तो बदलून घेताना "साताऱ्याचा", "पाटलांच्या शेजाऱ्यांनी" अशा शब्दांतला ऱ्य प्रत्येक ठिकाणी फुटला आणि सगळं पुन्हा तपासावं लागलं.

पैशासाठी प्रकाशनपूर्व नोंदणी सगळ्यात चांगली. सवलतीची किंमत आधी घ्या आणि प्रत्येकाला क्रमांक घातलेली पावती द्या. देणगीदारांची यादी शेवटच्या पानावर, एकाच आकाराच्या अक्षरात, अकारविल्हे. पुढाऱ्यांचे फोटो, शुभेच्छा, जाहिराती पहिल्याच बैठकीत नाकारण्याचा ठराव करून ठेवा. नंतर एकाला नाही म्हणणं फार अवघड जातं.

१०. मुद्रितं

मुद्रितं म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या प्रती. त्या तीन वेळा तपासा आणि तिसऱ्यांदा ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही त्याच्याकडून. त्याआधी पुस्तकात येणाऱ्या सगळ्या नावांची यादी १५ दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मुंबईकरांच्या ग्रुपवर लावा. आमच्याकडे चुका इतक्या निघाल्या की यादी दुसऱ्यांदा लावावी लागली. बहुतेक चुका सुनांच्या माहेरच्या नावांत होत्या.

११. आयएसबीएन आणि कायद्याच्या प्रती

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जाने मिळतो आणि तो विनामूल्य आहे. पैसे घेऊन मिळवून देणारे भेटतील, त्यांची गरज नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि पुस्तकाचं शीर्षकपान तयार ठेवा. मुखपृष्ठ छापायला जाण्याच्या पुरेसं आधी अर्ज करा.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. शिवाय तालुक्याच्या वाचनालयात आणि जवळच्या महाविद्यालयात द्या.

१२. प्रकाशन आणि त्यानंतर

यात्रेचा दिवस घ्या, मुंबई-पुण्याची माणसं तेव्हाच येतात. ग्रामपंचायत निवडणुकीच्या आसपासची तारीख टाळा. पहिल्या प्रती ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना, त्यांच्या घरी जाऊन द्या. वाचता येत नसेल तर त्यांचं पान वाचून दाखवा.

रेकॉर्डिंग, स्कॅन, लिप्यंतरं यांची एक प्रत वाचनालयात, एक मुंबईच्या मंडळाकडे आणि एक तालुक्याबाहेर कुणाकडे तरी ठेवा.

आणि वाचनालयाच्या टेबलावर दोरी बांधून एक शंभर पानी वही ठेवा, दुरुस्त्यांसाठी. आमच्या वहीत पहिली नोंद प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी आली. खालच्या आळीच्या एका आजींनी नातीकडून लिहून घेतली होती: पान ८७ वरची विहीर त्यांच्या सासऱ्यांनी एकट्याने खणलेली नाही, सासूबाईही उतरल्या होत्या, त्यांचं नाव घाला. दुसऱ्या आवृत्तीच्या मजकुरात ते घातलं आहे.